ग्रँड नॅशनल: ऑफिसात चिठ्ठी निघालीये, आता इतिहास सांगा

नवखा_मँचेस्टरकर

मंडळी, मी सप्टेंबरपासून मँचेस्टरला आहे. काल ऑफिसात एक बाई टोपली घेऊन टेबलाटेबलावर फिरत होती. दोन पौंड टाका, चिठ्ठी उचला. चिठ्ठीत घोड्याचं नाव. शनिवारी लिव्हरपूलजवळच्या एंट्री नावाच्या रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल नावाची घोड्यांची शर्यत आहे, त्यात ज्याचा घोडा पहिला त्याला जमलेली सगळी रक्कम. आमच्या अकाउंट्समध्ये एक गृहस्थ आहेत, लॉटरीचं तिकीटसुद्धा पाप समजतात. त्यांनीही चिठ्ठी उचलली आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली!

मला घोड्यातलं काही कळत नाही. ३४ घोडे, ३० कुंपणं, सव्वाचार मैल, एवढंच कानावर आलंय. हे कधीपासून चाललंय? एरवी पैसा न लावणारी माणसं याच शर्यतीला का लावतात? आणि शेजारी बसणारी मुलगी म्हणते की हा घोडे मारायचा उद्योग आहे, ते कितपत खरं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

माझ्या घोड्याचं नाव सांगत नाही, नजर लागायची.

रेसकोर्सचा_कट्टा

भावा, पुण्या-मुंबईत चालतात त्या सगळ्या सपाट रेस. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची, अडीच मिनिटांत खेळ खलास. तुझी ही रेस जवळजवळ सात किलोमीटर. नऊ-साडेनऊ मिनिटं पळायचं, आणि मध्ये माणसाच्या छातीएवढ्या कुंपणांवरून तीस वेळा उडी मारायची. तिथे डर्बीचा घोडा नेलास तर दुसऱ्या कुंपणापाशी उभा राहून घरचा रस्ता विचारेल.

दुसरं म्हणजे ही हँडिकॅप रेस आहे. घोडा जितका चांगला तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त. जॉकी हलका असला तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून भरपाई करतात. म्हणजे बापाने हुशार पोराच्या दप्तरात दगड भरून शाळेत पाठवायचं, की ढ पोरालाही पहिल्या नंबराची आशा राहावी. त्यामुळे फॉर्म बघत बसू नकोस. १०० ला १ भावाचा, म्हणजे एका पौंडाला शंभर देणारा घोडा इथे एकदा नव्हे, पाच वेळा लागलाय.

बाकी इतिहासाला मर्सीकाठ ताईंना हाक मारतो, त्या तिथल्याच.

मर्सीकाठ

हाक ऐकली, आले. कुकर लावलाय, त्यामुळे मध्येच उठावं लागेल.

सुरुवात एका हॉटेलवाल्यापासून. विल्यम लिन हा लिव्हरपूलच्या वॉटर्लू हॉटेलचा मालक. त्याने लॉर्ड सेफ्टनकडून एंट्रीची जमीन भाड्याने घेतली आणि १८२९ मध्ये तिथे सपाट शर्यती सुरू केल्या. पुढे उड्यांची शर्यत आणली. हा प्रकार मूळ आयर्लंडचा. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोघांनी पैज लावून बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे पिटाळले. लांबून दिसणारं शिखर हीच खूण, वाटेत कुंपण, ओढा, भिंत जे येईल ते ओलांडायचं. लिनने तोच खेळ एका मैदानात आणला. १८३६ मध्ये पहिली झाली, पण अधिकृत यादी १८३९ पासून धरतात. त्याच सुमाराला लिव्हरपूलपर्यंत रेल्वे आलेली होती, त्यामुळे लांबलांबची गर्दी लोटली. हॉटेलवाल्याला आणखी काय पाहिजे? आणि १८३९ ला जिंकलेल्या घोड्याचं नाव काय, तर लॉटरी. तुझ्या अकाउंट्सवाल्यांना जरूर सांग.

तेव्हा बरीचशी वाट नांगरलेल्या शेतातून होती आणि मधे एक दगडी भिंतही होती. त्याच दिवशी कॅप्टन बीचर नावाचा घोडेस्वार एका ओढ्यात पडला. मागून येणारे घोडे डोक्यावरून उड्या मारत गेले, तोवर हा पाण्यात दबा धरून बसला. बाहेर आल्यावर म्हणे म्हणाला, व्हिस्की घातल्याशिवाय पाणी इतकं घाण लागतं हे आजच कळलं. खरं खोटं तो जाणे. पण ओढ्याला त्याचं नाव पडलं ते आजतागायत, बीचर्स ब्रूक. लॉटरीवरच्या जॉकीचं नाव जेम मेसन, ते इथे शंभरातल्या दोघांना सांगता येणार नाही. बीचर शाळेतल्या पोरालाही माहीत!

माझ्या मते या शर्यतीचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीत नाहीच, कुंपणांत आहे. वेगवेगळी कुंपणं सोळा, त्यांतली चौदा दोनदा ओलांडायची.

कॅनाल टर्न घे. लीड्स-लिव्हरपूल कालवा शेजारून वाहतो, उडी मारली की लगेच काटकोनात डावीकडे वळायचं. पूर्वी न वळलेले घोडे थेट कालव्यात जायचे म्हणतात. १९२८ साली इथे पुढे असलेला ईस्टर हिरो कुंपणावरच अडकला. तेव्हा कुंपणाआधी खंदक होता. मागचे घोडे त्यात एकमेकांवर कोसळले आणि जवळजवळ सगळी शर्यत तिथेच संपली. ४२ घोडे सुटले होते, पार झाले दोन. त्यातही दुसरा शेवटच्या कुंपणाला पडला, त्याचा जॉकी पुन्हा खोगिरावर चढला, म्हणून दोन म्हणायचे. जिंकला टिपेररी टिम, भाव १०० ला १, वर बसलेला पेशाने वकील. निघताना मित्राने त्याची चेष्टा केली होती म्हणे, बाकीचे सगळे पडले तरच तू जिंकशील. पुढच्या वर्षी खंदक बुजवला. आता लोकांनी धडा घ्यावा की नाही? १९२९ ला ६६ घोडे उतरले, तो उच्चांक आहे. गेल्या वर्षी टिम जिंकला तर आपला का नाही, असा प्रत्येक मालकाचा हिशोब.

बीचर्सच्या पुढचं कुंपण, पहिल्या फेरीत सातवं आणि दुसऱ्यात तेविसावं, सगळ्यांत बुटकं. तिथे १९६७ साली काय व्हावं? जॉकी पडून मोकळा पळत असलेला एक घोडा ऐन कुंपणासमोर आडवा धावला. पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले, जॉकी कुंपणापलीकडे, घोडे अलीकडे. फॉइनॅव्हन इतका मागे होता की जॉन बकिंगहॅमला सगळा गोंधळ आधीच दिसला. फट शोधून त्याने उडी मारली आणि मागे वळून पाहिलं तर मैदान रिकामं! घोड्याचा ट्रेनर त्या दिवशी एंट्रीला नव्हताच, दुसऱ्या रेसकोर्सवर दुसरा घोडा पळवत होता. भाव १०० ला १ आणि टोटने, म्हणजे सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात त्या खिडकीने, दिले एकाला ४४४. आता त्या कुंपणाचं नाव फॉइनॅव्हन.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. पुढचं जेवणानंतर.

मर्सीकाठ

हं, तर रेड रम. हे नाव घेतल्याशिवाय लिव्हरपूलमध्ये भाजीसुद्धा मिळत नाही.

१९६७ मध्येच हा घोडा दोन वर्षांचा असताना एंट्रीला एका फुटकळ सपाट शर्यतीत पळाला होता, पहिल्या नंबरात बरोबरी. नंतर या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिला, खुरात हाडाचं दुखणं. शेवटी साउथपोर्टच्या जिंजर मॅककेनने तो ६००० गिनींना एका वृद्ध मालकासाठी घेतला. मॅककेन जुन्या मोटारी विकायचा, तबेला मोटारींच्या दुकानाच्या मागे. मोठ्या ट्रेनरसारखी हिरवळ कुठली असायला? म्हणून तो घोड्यांना समुद्राच्या वाळूवर पळवायचा. वाळू आणि खारं पाणी या घोड्याच्या पायाला मानवलं.

१९७३ ची शर्यत मिळाली तर जरूर बघ. क्रिस्प नावाच्या ऑस्ट्रेलियन घोड्यावर १२ स्टोन वजन, म्हणजे ७६ किलो. रेड रमवर त्याच्यापेक्षा २३ पौंड कमी. क्रिस्प इतका पुढे होता की शेवटचं कुंपण ओलांडलं तेव्हाही पंधराएक लेंथ (एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी) मोकळी होती. तिथून पल्ल्याच्या खांबापर्यंत साडेचारशे मीटर, नुसतं पळायचं. आणि तिथे त्याचे पाय संपले. तो डावी-उजवीकडे हेलकावे खातोय आणि मागून रेड रम एकेक ढांग कमी करतोय. पाऊण लेंथने हरला. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद, जुन्या विक्रमापेक्षा जवळजवळ १९ सेकंद कमी. कट्टेकर म्हणतात ते वजन काय करतं, हे त्या शेवटच्या मिनिटात डोळ्यांनी दिसतं. मला अजून क्रिस्पचंच वाईट वाटतं. इथे कुणाला बोलू नकोस हे.

रेड रम ७४ ला पुन्हा पहिला, ७५-७६ ला दुसरा, ७७ ला तिसऱ्यांदा पहिला. असं आजवर दुसऱ्या कुठल्या घोड्याला जमलेलं नाही. याच वर्षांत एंट्रीची जमीन बिल्डरच्या हातात होती, दरवर्षी "ही शेवटची" म्हणत शर्यत व्हायची. १९८३ मध्ये वर्गणी गोळा होऊन ती जॉकी क्लबकडे गेली, नाहीतर तिथे आज वसाहत असती. रेड रम १९९५ मध्ये तिसाव्या वर्षी गेला, त्याला एंट्रीच्या विजयी खांबाजवळच पुरलंय.

फजित्याही कमी नाहीत. १९५६ ला राजमातेचा डेव्हन लॉक जिंकतच होता. समोर कुंपण नाही, आजूबाजूला घोडा नाही, पल्ला पन्नासेक यार्डांवर, आणि पठ्ठ्याने अचानक चारी पाय पसरून पोट टेकलं. का, ते आजवर कुणाला सांगता आलं नाही. १९९३ ला सुटतानाची दोरी एका जॉकीच्या गळ्यात अडकली. परत फिरा म्हणून झेंडा दाखवला, पण ३९ पैकी ३० जणांना कळलंच नाही, आणि काहींनी अख्खी शर्यत पुरी केली. सगळं रद्द. बुकींनी साडेसात कोटी पौंडांच्या आसपास परत केले म्हणतात.

आणि १९९७. तेव्हा आम्ही एंट्रीजवळ भाड्याने राहायचो, यजमान इस्पितळात नोकरीला. शनिवारी दुपारी आयआरए या आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेच्या बॉम्बची धमकी आली आणि साठ हजार माणसं रेसकोर्सबाहेर काढली. मोटारी आणि बसगाड्या आत अडकल्या, हॉटेलं भरलेली. संध्याकाळी आमची घरमालकीण दोन बायकांना घेऊन दारात उभी. डोक्यावर पिसांच्या टोप्या, उंच टाचांचे बूट हातात, पायमोज्यांना भोकं. पर्समध्ये रेसबुक आणि लिपस्टिक, बाकी सगळं मोटारीत. सासूबाई तेव्हा इथे आलेल्या. त्यांनी कांदेपोहे केले आणि रात्री दोघींना आपली नऊवारी दाखवून "ही नेसता का?" म्हणून खुणेने विचारलं. आमच्या गल्लीत घराघरांत असे पाहुणे होते, चर्चमध्ये आणि शाळांत तर शेकड्यांनी. शर्यत सोमवारी संध्याकाळी झाली. लॉर्ड गिलीन जिंकला, आमच्या पाहुण्यांनी त्याच्यावर लावले नव्हते.

तू विचारलंस ना, एरवी पैसा न लावणारी माणसं इथे का लावतात. कोणीही जिंकू शकतं हे एक कारण. दुसरं म्हणजे इथल्या प्रत्येक घरात आजोबांनी कधीतरी लावलेल्या घोड्याची गोष्ट असते.

प्रागचा_पाहुणा

ताई, फर्मास. थोडं अवांतर करतो, कारण मी चेक देशात राहतो आणि आमचीही एक आहे.

प्रागपासून शंभरेक किलोमीटरवर पार्दुबिट्से गाव. तिथे १८७४ पासून वेल्का पार्दुबित्स्का ही शर्यत होते, आता ऑक्टोबरात. अंतर ६.९ किलोमीटर, म्हणजे एंट्रीइतकंच, अडथळे ३१. वाटेचा काही भाग अजूनही नांगरलेल्या जमिनीतून जातो, घोडे चिखलाने माखून येतात. ताईंनी १८३९ ची नांगरट सांगितली ना, ती बघायची असेल तर इकडे या.

इथलं बीचर्स म्हणजे टॅक्सिस, चौथा अडथळा. दीड मीटर उंच हिरवं कुंपण आणि पलीकडे रुंद खंदक. हा वर्षात फक्त याच शर्यतीत ओलांडतात, सरावात कुणी घोडा घालत नाही. पूर्वी खंदक बराच खोल होता, १९९२ ला प्राणिप्रेमींनी मैदानात उतरून मोठी निदर्शनं केली, १९९४ ला तो उथळ केला.

पण मला सांगायचंय ते लाटा ब्रांडिसोव्हाबद्दल. घराणं उमरावाचं, खिशात फार काही नाही, बाई घोड्यावर वाढलेली. १९२७ मध्ये तिने या शर्यतीत नाव दिलं तेव्हा पुरुष स्वारांनी गहजब केला. ती उतरली, पुन्हा पुन्हा पडली, प्रत्येक वेळी परत चढली आणि पाचवी आली. १९३७ उजाडलं. जर्मन स्वार आधीची काही वर्षं इथे जिंकत होते, हिटलर शेजारी बसलेला, आणि शर्यतीच्या महिनाभर आधी चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष मासारिक वारलेला. त्या ऑक्टोबरात ही ४२ वर्षांची बाई नॉर्मा नावाच्या फिक्या सोनेरी घोडीवर बसून जर्मनांना मागे टाकून पहिली आली. पुढच्या वर्षी म्युनिकचा करार, मग युद्ध, आणि शर्यत थेट १९४६ मध्ये परत सुरू. तिचं पुढे काही बरं झालं नाही. कम्युनिस्टांनी इस्टेट काढून घेतली, १९४९ मध्ये शर्यतीत पडून ती जबर जखमी झाली, १९८१ मध्ये जवळजवळ विस्मृतीतच वारली. आजवर ही शर्यत जिंकलेली दुसरी बाई नाही.

पुरुषांत योझेफ वान्या. जॉकी म्हणून आठ वेळा जिंकला, शेवटची २०११ मध्ये, वय ५८. आमच्या सोसायटीचा रखवालदार त्याचं नाव निघालं की टोपी काढतो.

खिलारी

वाचायला मजा आली, नाकारत नाही. पण आमच्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला बंदी आली. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, २०२३ ला कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं आम्ही बैल दावणीला बांधून बसलो. आणि तिकडे घोडे कुंपणावर मान मोडून घेतात, राजघराणं टोप्या घालून बघतं, त्याला परंपरा म्हणायचं? मूळ प्रश्नातलं घोडे मरण्याचं काय, ते सोयीस्कर बाजूला राहिलं.

मर्सीकाठ

खिलारी, बाजूला नव्हतं ठेवलं, तिथेच येत होते.

घोडे मरतात, हे खरं आहे. माणसंही, पण कमी. १८६२ मध्ये एक जॉकी चेअर या कुंपणाशी पडून गेला, या शर्यतीत जिवाला मुकलेला तो एकटाच. घोड्यांची यादी लांब आहे. कुंपणांचा इतिहास म्हणाले तो याचसाठी, प्रत्येक बदलामागे कुणीतरी पडलेलं आहे. १९६१ ला सरळ उभी कुंपणं उतरती केली, घोड्याला उडीचा अंदाज यावा म्हणून. १९८९ ला बीचर्सला दोन घोडे मेले, ओढा बराचसा बुजवून उतरायची बाजू सपाट केली. २०११ ला दोन, २०१२ ला दोन. २०१३ पासून कुंपणांच्या गाभ्यातले लाकडी खुंट काढून प्लास्टिकच्या काड्या बसवल्या.

शर्यत नसताना एकदा मला त्या मैदानातून चालत फिरता आलं. बीचर्सपाशी कुंपणात हात घातला. वरून स्प्रूसच्या हिरव्या फांद्या, बोटांना चीक लागतो, वास थेट नाताळच्या झाडाचा. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा आत काड्या लागल्या, दाबलं की वाकतात. पूर्वी तिथे खुंट होता. अर्ध्या टनाचं जनावर धावत येऊन त्यावर आदळायचं. कुंपणापलीकडे जाऊन उभी राहिले तर जमीन अजूनही जराशी खाली आहे. घोड्याला ते अलीकडून दिसत नाही.

२०२३ ला आंदोलक मैदानात घुसले, शर्यत पंधराएक मिनिटं लांबली, आणि पहिल्याच कुंपणाला एक घोडा गेला. २०२४ पासून ४० ऐवजी ३४ घोडे आणि पहिलं कुंपण सुरुवातीच्या जवळ आणलं, म्हणजे तिथवर वेग फार वाढू नये. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. जुनी मंडळी कुरकुरली, आता ही नॅशनल राहिली नाही म्हणे. ही कुरकुर १९६१ लाही झाली असणार. २०२५ ला पुन्हा एक १३ वर्षांचा घोडा शर्यतीनंतर कोसळला आणि काही दिवसांनी मेला. त्याला कुंपणाने मारलं नाही, शेवटपर्यंत पळवत ठेवलं म्हणून टीका झाली, जॉकीवर काही दिवसांची बंदी आली.

माझं मत विचाराल तर कुंपणं अजून बुटकी झाली तरी मला चालतील. लोक उंची मोजायला येत नाहीत. बैलगाड्याबद्दल तुमचा राग समजतो. एकाला बंदी आणि दुसऱ्याचं थेट प्रक्षेपण, हा दुजाभाव आहेच. फक्त इथे दर अपघातानंतर चौकशी होते, काय बदललं ते जाहीर होतं. अटी आपल्याकडेही घातल्यात. त्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर, पाळल्या जातात का, ते तुम्हीच सांगा.

प्रागकर, लाटाबाईंची गोष्ट अप्रतिम. आमच्याकडे कायद्याने दार उघडल्यावर १९७७ ला शार्लट ब्रू ही पहिली बाई उतरली आणि जिंकायला २०२१ उजाडलं, रेचल ब्लॅकमोर, मिनेला टाइम्सवर. तेही कोव्हिडमुळे रिकाम्या स्टँडसमोर.

खिलारी

पटलं म्हणत नाही, पण उत्तर सरळ दिलंत. अटींचं म्हणाल तर आमच्या गावच्या घाटात डॉक्टर असतो, शेजारच्या गावात फक्त त्याचं नाव फलकावर असतं.

नवखा_मँचेस्टरकर

ताई, कट्टेकर, प्रागकर, खिलारी, सगळ्यांचे आभार. शेजारच्या मुलीला २०१३ चं प्लास्टिक सांगितलं, ती म्हणाली की मग २०२३ चंही सांग. सांगितलं.

आता शेवटचं. चिठ्ठी आहेच, पण बुकीकडे जाऊन पाच पौंड लावावेत म्हणतोय. तिथली मुलगी "ईच वे" का म्हणून विचारते, हो म्हणू की नाही?

रेसकोर्सचा_कट्टा

हो म्हण, पण मग पाच नाही, दहा जातील. पाच विनवर, पाच प्लेसवर. घोडा पहिल्या चारांत आला तरी थोडं हाती लागतं, पहिला आला तर दोन्हीकडून. किती नंबरांपर्यंत देतात ते बुकीबुकीवर आहे, या रेसला काही जण जास्त देतात, तेव्हा फलक वाचून मगच पैसे काढ. आणि आता तरी घोड्याचं नाव सांग!

नवखा_मँचेस्टरकर

शनिवारी संध्याकाळी सांगतो.